ट्युनिस, १ ऑक्टोबर १९८५: इतक्या लांबचा हवाई हल्ला कसा जमला आणि कुठे अडला

प्रश्न असा आहे: १९८५ साली इस्रायलच्या विमानांनी ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसजवळच्या पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या, मुख्यालयावर बॉम्ब टाकले. मध्ये कुठेही न उतरता लढाऊ विमानं इतक्या दूर जाऊन परत कशी आली? आणि इमारती जमीनदोस्त होऊनही संघटनेचे प्रमुख यासर अराफात कसे वाचले?

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १९८२ मध्ये बैरूत सोडावं लागल्यावर पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने आपलं मुख्यालय ट्युनिशियात हलवलं. ट्युनिसच्या आग्नेयेला, आखाताच्या काठावर हम्माम शत नावाची वस्ती आहे. तिथे समुद्रालगत संघटनेच्या इमारती होत्या. २५ सप्टेंबर १९८५ रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, सायप्रसमधल्या लार्नाका बंदरात एका नौकेवर तीन इस्रायली नागरिकांना ठार मारलं गेलं. इस्रायलने त्याचा ठपका अराफात यांच्या ‘फोर्स १७’ या सुरक्षा पथकावर ठेवला. पीएलओने तो नाकारला. पंतप्रधान शिमोन पेरेस आणि संरक्षणमंत्री यित्झाक राबिन यांच्या सरकारने मोहिमेला मंजुरी दिली. मंत्रिमंडळात विरोध केला तो एझर वाइझमान यांनी. ते स्वतः इस्रायली हवाई दलाचे माजी प्रमुख होते, म्हणून या विरोधाला वजन आहे. लार्नाकानंतर सहाव्या दिवशी विमानं निघाली.

आता अंतर. पुष्कळ ठिकाणी एका बाजूचं अंतर २,०६० किलोमीटर छापलेलं दिसतं. इस्रायलच्या तेल नोफ हवाई तळापासून हम्माम शतपर्यंत नकाशावर सरळ रेषा मोजा, ते २,३०० किलोमीटरच्या आसपास भरतं. गोंधळ बहुधा मैलांचा आहे. १,२८० हा आकडा सागरी मैलांचा धरला तर सुमारे २,३७० किलोमीटर होतात आणि हिशोब बसतो. साधे मैल धरले की २,०६० होतात. आपल्याकडचं माप घ्यायचं तर मुंबईहून सरळ इंफाळला जायचं, तिथे सहा मिनिटं काम करायचं आणि न उतरता मुंबईला परत यायचं. १९८१ मध्ये बगदादजवळच्या ओसिराक अणुभट्टीवर इस्रायलने हल्ला केला तेव्हा एका बाजूचं अंतर सुमारे १,१०० किलोमीटर होतं आणि एफ-१६ विमानं हवेत इंधन न भरता जाऊन आली. इथे अंतर दुपटीहून जास्त होतं. ओसिराकचा नमुना इथे चालणारच नव्हता.

म्हणून निवड झाली एफ-१५ची. हे विमान मुळात हवेतल्या लढाईसाठी बनलेलं. त्याला जमिनीवर मारा करायला लावणं हीच इस्रायलची खास तयारी होती. एकूण दहा विमानं निघाली, त्यांपैकी दोन राखीव. प्रत्यक्ष हल्ला आठांनी केला: सहा दोन-आसनी एफ-१५डी आणि दोन एक-आसनी एफ-१५सी.

इंधनाचा हिशोब मांडून बघू. या विमानाच्या पोटात सुमारे ६,१०० किलो इंधन मावतं. एफ-१५सी आणि डीच्या अंगाला चिकटून बसणाऱ्या टाक्यांची जोडी लावली तर आणखी सुमारे ४,४०० किलो. लटकवायच्या मोठ्या टाकीत प्रत्येकी १,८०० किलो. अशा टाक्यांसाठी जागा तीनच: दोन पंखांखाली आणि एक पोटाखाली. सगळ्या टाक्या भरून, शस्त्रांचं ओझं न घेता, योग्य उंचीवर सरळ उडालं तर हे विमान साधारण ५,५०० किलोमीटर जातं. म्हणजे किलोमीटरला तीन किलोच्या आसपास इंधन. ४,६०० किलोमीटरसाठी १३,८०० किलो झाले.

पण तो आकडा रिकाम्या पंखांचा आहे. जड बॉम्ब एका पंखाखाली घेतला की टाकीची एक जागा गेली. बॉम्बशी बोलणारा डेटालिंकचा, म्हणजे रेडिओ दुव्याचा, पॉड (लांबट डबा) पोटाखाली लावला की दुसरी गेली. उरली एक टाकी, म्हणजे एकूण इंधन सुमारे १२,३०० किलो. त्यात बॉम्बमुळे हवेचा अवरोध वाढतो. लक्ष्याजवळ खाली उतरून वेगाने जाताना खप वाढतो, आणि आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारी सोय) लावला तर कितीतरी पटींनी वाढतो. परतल्यावर धावपट्टी बंद असेल तर दुसऱ्या तळावर जाण्यापुरतं दीड-दोन हजार किलो हाताशी ठेवावं लागतं. सगळं मिळून विमानामागे चार हजार किलोंच्या आसपास तूट येते. ती तूट हवेतच भरून काढायची होती.

ती काढली बोइंग ७०७ विमानांनी. ही मुळात प्रवासी विमानं, पण इस्रायलने त्यांचे टँकर बनवले होते. एफ-१५ला इंधन द्यायला टँकरच्या शेपटाखालून ताठ नळी लागते, कारण एफ-१५च्या खांद्यावर तशी खोबण असते. टँकरमधला माणूस ती नळी हलवून खोबणीत बसवतो. या पद्धतीत इंधन झपाट्याने जातं, पण एका वेळी एकाच विमानाला. इथे रांगेचा प्रश्न येतो आणि कागदावर आखणी करणारे नेमके इथेच फसतात.

जवळ येणं, जुळणं, चार टन घेणं, सुटणं या सगळ्याला विमानामागे पाच-सहा मिनिटं धरा. एका टँकरवर पाच विमानं असतील तर रांग संपायला जवळपास अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात सगळा ताफा ३५० ते ४०० किलोमीटर पुढे सरकलेला असतो आणि सगळ्यात आधी भरलेल्या विमानाने हजार-बाराशे किलो इंधन पुन्हा जाळलेलं असतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्याचा खप जास्त, ज्याच्याकडे जड बॉम्ब, त्याला शेवटी भरायचं, किंवा पहिल्यांना घाईघाईत पुन्हा थोडं द्यायचं. शिवाय भरलेलं जड एफ-१५ टँकरच्या मंद वेगाला मागे टिकून राहणं कष्टाचं असतं. वैमानिकाला सतत थ्रॉटलशी खेळावं लागतं, आणि हे सगळं रेडिओवर न बोलता.

टँकरची स्वतःची भूकही मोजावी लागते. ७०७ साधारण ७० टन इंधन घेऊन उडतं, तासाला पाच-सहा टन स्वतः जाळतं. स्वतःचं जाणं-येणं वजा केलं की चाळीस टनांच्या आसपास वाटायला उरतं. दहा विमानांची प्रत्येकी चार टनांची तूट म्हणजे नेमके चाळीस टन. कागदावर एक टँकर पुरतो असं दिसतं, पण एकाच टँकरवर भिस्त ठेवणं वेडेपणाचं ठरेल. नळी अडकली, झडप बंद पडली, तर दहाही विमानं समुद्रावर अडकली. म्हणून टँकरही एकाहून अधिक लागतात, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा भेट ठरलेली. हल्ल्यानंतरही विमानांनी हवेत इंधन घेतलं. राखीव दोन विमानांचं कारणही तेच. भर समुद्रावर एखाद्याच्या खोबणीचं झाकण उघडलंच नाही, तर त्याने मागे फिरायचं आणि राखीवाने त्याची जागा घ्यायची. हा निर्णय कधी घ्यायचा तेही आधी ठरलेलं असावं लागतं, कारण एका बिंदूपुढे मागे फिरायलाही इंधन पुरत नाही.

मार्ग भूमध्य समुद्रावरून होता. दक्षिणेला इजिप्त आणि लिबिया या दोघांची रडारं टाळायची होती. ट्युनिशियाचं स्वतःचं हवाई दल तुटपुंजं होतं. खरा धोका लिबियाचा, मिग विमानांचा. अमेरिकेच्या आणि इतर देशांच्या नौदलांचीही नजर या समुद्रावर होती. या भागातल्या हवाई संरक्षणाची माहिती इस्रायलकडे आली त्यात जोनाथन पोलार्डचा हात होता. अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता खात्यात काम करताना तो कागदपत्रं पुरवत होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये तो पकडला गेला. ज्याचं रडार कुठे, किती उंचीवर पाहतं, कोणत्या वेळी बंद असतं हे माहीत नसेल, तर दोन हजार किलोमीटरची वाट आखताच येत नाही. वैमानिक समुद्रात पडले तर त्यांना उचलायला माल्टाजवळ हेलिकॉप्टर असलेलं नौदलाचं जहाज ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही.

दिशा शोधणं हाही प्रश्न होता. तेव्हा जीपीएस वापरात नव्हतं. विमानाच्या स्वतःच्या हालचाली मोजून जागा काढणारी जडत्वीय यंत्रणा तासाला साधारण एका सागरी मैलाने भरकटते. अडीच तास समुद्रावर, खाली एकही खूण नाही, म्हणजे किनाऱ्याला पोचेपर्यंत चार-साडेचार किलोमीटरची चूक साचलेली असू शकते. एका रस्त्यालगतचा इमारतींचा पुंजका शोधायचा असताना ही चूक परवडत नाही. म्हणून किनारा दिसू लागताच रडारवर किंवा डोळ्यांनी ओळखीची जागा पकडून यंत्रणा दुरुस्त करायची. ट्युनिसच्या आखाताचा भूगोल या बाबतीत फार सोयीचा आहे. पूर्वेला काप बोनचं लांब टोक समुद्रात घुसलेलं, आणि हम्माम शतच्या जवळच ५७६ मीटर उंचीचा, दोन शिखरांचा बूकोर्नीन डोंगर. असा डोंगर लांबूनही चुकत नाही.

आता शस्त्र. सहा एफ-१५डींकडे प्रत्येकी एक जीबीयू-१५ बॉम्ब होता. ९०० किलो वर्गाच्या साध्या बॉम्बला पुढे कॅमेरा आणि मागे पंख-शेपटी बसवली की एकूण वजन ११०० किलोंच्या पुढे जातं. याला इंजिन नसतं, तो तरंगत जातो. त्याच्या डोळ्याने जे दिसतं ते चित्र डेटालिंकने विमानात येतं आणि मागच्या आसनावरचा अधिकारी छोट्या पडद्यावर पाहत बॉम्ब शेवटपर्यंत वळवत नेतो. बॉम्ब सुटल्यावर विमान वळून दूर जाऊ शकतं. यासाठी दोन माणसं लागतात. एका वैमानिकाला खाली उतरून विमान सांभाळत पडद्यावरची खिडकी निवडणं जमणार नाही. दोन-आसनी विमानं निवडण्याचं कारण हेच.

या पद्धतीत काय बिघडतं ते समजून घ्या. पडद्यावरचं चित्र पहिल्यांदा स्पष्ट होतं तेव्हा हाताशी काही सेकंदच असतात. समुद्राकाठच्या एकसारख्या फिकट इमारतींतून नेमकी आपली कुठली हे हवाई छायाचित्रं पाठ करूनच कळतं. ढग आडवा आला, धुरकटपणा असला तर कॅमेरा आंधळा. दुवा तुटला तर बॉम्ब शेवटच्या आज्ञेप्रमाणे पुढे जातो, आणि तो कुठे पडेल यावर कोणाचाही ताबा राहत नाही. आणखी एक कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे वजनाचा तोल. एका पंखाखाली बॉम्ब, दुसऱ्याखाली टाकी अशी मांडणी असेल तर टाकी आधी रिकामी होते आणि विमान तासन्‌तास बॉम्बाच्या बाजूला झुकत राहतं. ते सरळ ठेवायला लावलेला प्रत्येक अंश अवरोध वाढवतो, इंधन खातो. बॉम्ब सुटला की झुकाव एकदम उलटा. वैमानिकाला हे आधी माहीत असावं लागतं.

मागे आलेल्या दोन एफ-१५सींकडे प्रत्येकी सहा साधे, दिशा न देता येणारे सव्वादोनशे किलोंचे बॉम्ब होते. अचूक बॉम्बांनी मुख्य इमारती पाडल्यावर उरलेल्या भागासाठी ते. आखणीतला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा भाग म्हणजे क्रम. वारा उत्तरेकडून होता, म्हणून आधी दक्षिणेकडची लक्ष्यं फोडली. उलट केलं असतं तर उत्तरेचा धूर वाऱ्याने दक्षिणेच्या इमारतींवर पसरला असता आणि मागून येणाऱ्या बॉम्बांच्या कॅमेऱ्यांना काहीच दिसलं नसतं. स्थानिक वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. तो सहा मिनिटं चालला. एकही विमान गमावलं नाही.

अशा मोहिमेत किती गोष्टी फसू शकतात हे पाहायचं तर सहाच महिन्यांनी, एप्रिल १९८६ मध्ये, अमेरिकेने लिबियावर केलेला हल्ला पाहा. ब्रिटनमधून निघालेल्या एफ-१११ विमानांना फ्रान्सने आकाश वापरू दिलं नाही. स्पेन, जिब्राल्टरला वळसा घालून जाणं-येणं दहा हजार किलोमीटरच्या आसपास झालं, तेरा तासांहून अधिक उड्डाण, पुन:पुन्हा इंधन भरणं. लक्ष्यापर्यंत पोचताना काही विमानांच्या यंत्रणा बंद पडल्या आणि नियमाप्रमाणे त्यांनी बॉम्ब न टाकता माघार घेतली. एक विमान आतल्या दोघांसह बुडालं. बॉम्ब फ्रेंच दूतावासाच्या आवारालाही लागले. विमानं आणि पैसा अमेरिकेकडे कितीतरी जास्त होता. फरक पडला तो अंतराचा, थकव्याचा आणि रात्री काम करणाऱ्या गुंतागुंतीच्या यंत्रांचा.

मग अराफात? ते त्या आवारात नव्हते. बस, एवढंच. ओसिराकची अणुभट्टी उठून कुठे जात नाही, मुख्यालयातला माणूस जातो. हल्ल्याची वेळ विमान उडण्याच्या कितीतरी आधी ठरते. उड्डाण ते बॉम्ब यांत तीनेक तास जातात, आणि तेवढ्या वेळात एखादी बैठक लांबणं, गाडी दुसऱ्या रस्त्याने जाणं, रात्री उशिरा झोपणं यांपैकी काहीही घडू शकतं. विमानातल्या अधिकाऱ्याला पडद्यावर छत दिसतं. छताखाली कोण आहे ते दिसत नाही. हल्ल्याच्या क्षणी जमिनीवर कोणी तरी पाहून सांगणारं असल्याशिवाय ‘नेता मारणे’ हे उद्दिष्ट हवाई हल्ल्याच्या आखणीत लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चाळीस वर्षांनी, ९ सप्टेंबर २०२५ रोजी, इस्रायलने कतारची राजधानी दोहा इथे हमासच्या नेत्यांवर हल्ला केला. शस्त्रं कितीतरी सुधारलेली होती. तरी प्रमुख नेते वाचले आणि हमासचे पाच जण व कतारचा एक सुरक्षा अधिकारी मरण पावला. अडचण तीच होती.

आपल्याकडच्या वाचकांना बालाकोट आणि मे २०२५ मधलं बहावलपूर आठवेल. पण तिथली अडचण वेगळी आहे. बहावलपूर सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे इंधनापेक्षा समोरच्या सजग, दाट हवाई संरक्षणाचा विचार आधी करावा लागतो. ट्युनिसच्या हिशोबाची फूटपट्टी तिथे लावू नका.

मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. इस्रायलने सुमारे साठ पीएलओ सदस्य मारल्याचं सांगितलं, त्यांत फोर्स १७ चे काही वरिष्ठ होते. इतर नोंदींत ५६ पॅलेस्टिनी आणि १५ ट्युनिशियन, शिवाय शंभराच्या आसपास जखमी असे आकडे आहेत. हम्माम शत ही राहती वस्ती होती. ‘अचूक’ हा शब्द इथे जपून वापरावा. बॉम्ब ठरलेल्या खिडकीतून आत गेला तरी ९०० किलोच्या स्फोटाचे तुकडे शेजारच्या घरात शिरायचे थांबत नाहीत. हल्ला यशस्वी झाला का असं विचारणाऱ्यांनी त्या ट्युनिशियन माणसांना हिशोबातून वगळू नये. ज्या देशाशी इस्रायलचं युद्ध नव्हतं त्या देशाच्या सकाळी दहा वाजता ती मेली.

राजकीय किंमतही मोठी होती. ट्युनिशिया पाश्चिमात्यांचा मित्र देश होता, आणि पीएलओला तिथे जागा मिळाली ती अमेरिकेच्या संमतीने. व्हाइट हाउसने सुरुवातीला हल्ल्याचं समर्थन केलं आणि मग भाषा मवाळ केली. ४ ऑक्टोबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ५७३ मंजूर केला: हल्ल्याचा तीव्र निषेध, आणि ट्युनिशियाला नुकसानभरपाईचा हक्क. चौदा मतं बाजूने, विरोधात एकही नाही, अमेरिका तटस्थ. त्या वर्षी भारत परिषदेचा सदस्य होता आणि त्या चौदा मतांत भारताचं मत आहे. अमेरिकेने नकाराधिकार न वापरणं ही इस्रायलला बसलेली मोठी चपराक होती. त्याच ऑक्टोबरमध्ये ‘अकिले लाउरो’ या प्रवासी जहाजाचं पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी अपहरण केलं, म्हणजे दहशत थांबली असंही नाही.

पीएलओचं मुख्यालय ट्युनिसमध्येच राहिलं. १६ एप्रिल १९८८ रोजी अराफात यांचे निकटचे सहकारी अबू जिहाद, म्हणजे खलील अल-वझीर, यांना इस्रायलने ट्युनिसजवळच्या सिदी बू सईद इथे त्यांच्या घरात मारलं. या वेळी एफ-१५ नव्हती. कमांडो समुद्रातून आले, घराच्या दारापर्यंत गेले, आणि अबू जिहाद घरी परतल्याची खात्री जमिनीवरच्या माणसांनी आधी करून घेतली होती.